मदत हवी आहे: सोलापुरात जुनी डर्ट बाईक घ्यायचीय, तीन गाड्या बघून ठेवल्यात

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, रविवारी पहाटे आम्ही तिघं मित्र गाड्या घेऊन बाहेर पडतो. कधी कुंभारीच्या पुढचा माळ, कधी सीनेच्या काठच्या गाडीवाटा, नाहीतर तामलवाडीवरून तुळजापूरच्या डोंगरात. माझी स्प्लेंडर आहे. तिनं साथ दिली, पण आता दगडगोट्याच्या उतारावर इंजिनाचं बूड घासतं. मागच्या महिन्यात मित्राची हिमालयन एका ओढ्यात आडवी झाली. बरोबर मी एकटाच होतो. दोघांना मिळून ती उभी करायला पाऊण तास लागला, आणि वर उन्हाचा पारा बेचाळीसच्या पुढे. तेव्हाच ठरवलं, पडली तर एकट्याला उचलता येईल अशीच गाडी घ्यायची.

उंची पाच फूट चार इंच, वजन ६२ किलो. बजेट ८५ हजार, त्यातले दहा हजार दुरुस्तीला बाजूला ठेवलेत. म्हणजे गाडीला पंच्याहत्तर. नवीन घेणं जमणार नाही, कारण बहिणीचं लग्न याच वर्षी आहे.

तीन गाड्या समोर आहेत.

पहिली: २०१९ ची हीरो एक्सपल्स २००, कार्बोरेटरवाली. एमएच-१३, दुसरा मालक, ३१ हजार किलोमीटर, मागतोय ७८. पुढच्या उजव्या शॉकअपला तेल ओघळलंय आणि इंजिन गार्डला पोचे आहेत.

दुसरी: २०२१ ची एक्सपल्स, बीएस-६, फ्युएल इंजेक्शन. चालली फक्त १४ हजार, दिसायला झकास, ८२ ला देतोय. पण नंबर केए-२८, विजापूरचा. विकणारा मूळ मालक नाही, आणि आरसीवर अजून फायनान्स कंपनीचं नाव आहे.

तिसरी: २०१३ ची हीरो इम्पल्स, ४० हजार. चालवून बघितली. हलकी आहे, १३४ किलो, आणि उभ्यानं चालवताना तिचा तोल मला फार आवडला. भीती एकच, कंपनीनं ती कधीचीच बंद केलीय.

मला इंजिन ऐकून कळतं, पण सस्पेंशनचं काहीच कळत नाही. माळावर वापरलेली गाडी घेताना नेमकं काय तपासायचं, आणि या तिन्हीत तुम्ही कोणती घेतली असती, हे सांगा प्लीज.

प्रतिसाद १

दादा, पहिली गाडी हातची सोडू नका, पण नीट तपासून घ्या. मी तेच मॉडेल चार वर्षं चालवतोय.

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत किक मारायची नाही. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा त्रास लपवलाय, तासाभरानं परत जा.

मग एअर फिल्टर बाहेर काढायला लावा. हे कुणी करत नाही, आणि आपल्याकडं सगळ्यात गरजेचं हेच आहे. फिल्टरची बाहेरची बाजू मळकी असली तरी चालेल. पण आत, इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत बोट फिरवून बघा. तिथं बारीक माती लागली तर त्या इंजिनानं धूळ खाल्लीय, रिंग-पिस्टन घासले असणार. उतारावर थ्रॉटल सोडून परत दिल्यावर निळा धूर येतो का तेही बघा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

शॉकअपच्या तेलाला घाबरू नका. ऑइल सील स्वस्तातली गोष्ट आहे. बघायचं ते चकचकीत पाइपकडं. नख फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवीन सील टाकलं तरी महिन्याभरात फाटणार, मग पाइपच बदलावा लागतो. किंमत तिथं पाडा.

गाडीला मेन स्टँड नाही, म्हणून इंजिन गार्डखाली लाकडाचा ठोकळा लावून पुढचं चाक उचला. हँडल हळूच डावी-उजवीकडं फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हँडलची मान चेसिसला जिथं जोडलीय तिथला रंग तडकलाय का, वेल्डिंग परत केलंय का, हे बॅटरी मारून बघा. तिथं गडबड दिसली तर फुकट दिली तरी घेऊ नका. आणि आऱ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरनं टकटक करा. ज्या बद्द वाजतील त्या ढिल्या.

प्रतिसाद २

विजापूरच्या गाडीबद्दल लिहितो, कारण मी त्यात पोळलोय. अशीच चकाचक गाडी घेतली, विकणारा म्हणाला "बँकेचं पत्र आठ दिवसांत देतो." सात महिने ती गाडी माझ्या नावावर झाली नाही.

आरसीवर कर्जाचा बोजा असेपर्यंत ट्रान्सफर होत नाही. फायनान्सवाल्यांचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर मूळ मालकाची सही हवी, मधल्या माणसाची नाही. राज्य बदलतंय म्हणून तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. वर महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा. ८२ ची गाडी तुमच्या बजेटच्या पार बाहेर जाते.

इम्पल्सचंही एक सांगतो. २०१३ ची म्हणजे १५ वर्षांची नोंदणी २०२८ ला संपते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून नूतनीकरण करावं लागेल.

प्रतिसाद ३

ताई म्हणून सांगते, उंचीचा विचार सीटचा फोम कापण्यापासून सुरू करू नका. मी पाच फूट तीन. एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटर, दोन्ही टाचा टेकत नाहीत. पण एका बाजूला सरकून एक पाय नीट टेकवायची सवय केली की महिन्याभरात भीती जाते. आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण, कमी करून बघा. सीट कापली तर उभं राहताना गुडघ्यांना जास्त वाकावं लागतं, आणि माळावर आपण निम्मा वेळ उभ्यानंच चालवतो. हिमालयनची सीट खाली आहे, पण १९० किलोच्या वरची गाडी ओढ्यात काय करते ते तुम्ही बघितलंच आहे.

एक विनंती. नान्नजच्या बाजूला माळावर गाडी घालू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे, आणि गवतात अंडी घालणारे इतर पक्षीही तिथं असतात. टायरखाली घरटं गेलेलं आपल्याला कळतही नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ताई, नान्नजला आम्ही जात नाही, आता मित्रांनाही सांगितलं.

काल सकाळी साडेसहाला पहिली गाडी बघायला गेलो. इंजिन थंड होतं, दुसऱ्या किकला चालू झालं. फिल्टरच्या आतली नळी स्वच्छ निघाली. कोनसेट मध्यावर अडकतोय, आणि उजव्या पाइपला मधोमध गंजाचे तीन खड्डे आहेत. मालकाला नखानं दाखवले. तो स्वतःच म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं की ओ." पाइप, दोन्ही सील आणि कोनसेटचा खर्च वजा करून ७० ला ठरलं. फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या झाल्यात, उद्या आरटीओत जातोय.

आता एकच प्रश्न राहिला. चाकं ट्यूबची आहेत, आणि आपल्या माळावर वेड्या बाभळीचे काटे. जाड ट्यूब टाकून कुणाला फरक पडलाय का? की पंप, टायर लिव्हर आणि जादा ट्यूब सोबत ठेवून पंक्चर स्वतः काढायला शिकू? मागचं चाक १८ इंची आहे, पुढचं २१. पुढच्या मापाची ट्यूब सोलापुरात कुठं मिळते तेही सांगा, दोन दुकानांतून हात हलवत परत आलोय.