16 च्या टीममध्ये दुसरा किपर घ्यावा का? ऑलिम्पिकले एकच नेतात, वर्ल्ड कपले दोन

मुरमाचं_ग्राउंड

राजेहो नमस्कार. मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात पोट्ट्यायले हॉकी शिकवतो, नोकरी म्हणून नाही, वावराचं काम आटोपलं की संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. ग्राउंड मुरमाचं आहे, पाणी मारलं तर बॉल जरा सरळ जाते नाही तर गोट्यावर उसळून थेट नडगीवर येते. पुढच्या महिन्यात अकोल्याले 17 वर्षाखालच्या पोट्ट्यायची स्पर्धा आहे, 16 चीच नावं द्यायची आहेत. 15 ठरले, सोळाव्यावर अडलो.

एक आहे लेफ्टचा फॉरवर्ड, पळाला की हाती लागत नाही. दुसरा आमचा दोन नंबरचा किपर. हा पोट्टा चार किलोमीटरवरून सायकलनं येते, आमच्याकडं किपरचा किट एकच म्हणून पहिल्याची प्रॅक्टिस होईपर्यंत बाजूले बॉल गोळा करते, मग तेच घामानं ओले झालेले पॅड बांधून गोलात उभा राह्यते. तोपर्यंत उजेड जात आलेला असते. एक दिवस चुकला नाही.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत आमच्या किपरच्या अंगठ्यावर बॉल बसला, दुसरा किपर नव्हता, सेंटर हाफले पॅड बांधून उभं केलं अन 2-2 ची मॅच 6-2 नं गेली. तेव्हापासून भेव बसलं. पण पॅरिस ऑलिम्पिकले भारतानं 16 मध्ये किपर म्हणून श्रीजेश एकटाच नेला होता अन मेडल आणलं. 2023 च्या वर्ल्ड कपले मात्र श्रीजेश अन कृशन पाठक दोघं होते. हे कसं ठरवतात भाऊ? ज्यायले माहीत आहे त्यायनं सांगा.

अमरावती_हाफलाइन

भाऊ याचं मूळ आकड्यातच आहे. ऑलिम्पिकला प्रत्येक खेळाला खेळाडूंचा कोटा ठरलेला असतो, हॉकीत पुरुषांच्या 12 टीम आणि प्रत्येकी 16, म्हणजे 192 झाले, त्याच्या वर नाही. वर्ल्ड कप हॉकीवाल्यांची स्वतःची स्पर्धा, तिथे 18 नेता येतात आणि वरून राखीव. आता 16 मधून मैदानावरचे 11 काढले तर बाकावर राहतात फक्त पाच. हॉकीत बदली कितीही वेळा करता येते, बाहेर गेलेला परत येतो, फक्त पेनल्टी कॉर्नर (गोलासमोर चूक झाली की समोरच्या टीमला मिळणारा फटका) चालू असताना करता येत नाही. 15 मिनिटांचे चार क्वार्टर आणि आजच्या वेगात फॉरवर्ड पाच-सहा मिनिटांत पार दमतो, त्यामुळे बाकावरचे पाचही जण सारखे आत-बाहेर पाहिजेत. त्यातला एक दुसरा किपर धरला तर तो बहुतेक वेळ नुसता बसून राहतो आणि पळणारे चारच उरतात. म्हणून पॅरिसला पाठकला राखीवमध्ये ठेवलं, नीलकांत शर्मा आणि जुगराज सिंग यांच्यासोबत.

पण 18 असल्यावर दुसरा किपर कसा कामी येतो ते त्याच 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये दिसलं. भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध क्रॉसओव्हर, म्हणजे क्वार्टर फायनलला जायची मॅच, 3-3 बरोबरी, मग शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू एकटा किपरवर चाल करून गोल मारतो) श्रीजेशला लागलं आणि पुढे पाठक उभा राहिला. मॅच आपण हरलो, ती गोष्ट वेगळी, पण गोलात किपर तरी होता.

बेंचवरचा_फुलबॅक

किपरचं जाऊ द्या, मी वेगळंच सांगतो. 16 ची टीम म्हणजे सगळ्यात चांगले 16 पोट्टे नव्हेत, 16 कामं असतात. मी नागपूरले बारा-तेरा वर्षं फुल बॅक खेळलो, पेनल्टी कॉर्नरले पहिला रशर मी असायचो. गोललाइनवरून निघायचं अन सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर जायचं, बॉल तुमच्या गुडघ्यावर येणार हे माहीत असूनही. हे काम सगळ्यायच्यानं होत नाही.

पॅरिसले हे काम अमित रोहिदासचं होतं. 4 ऑगस्ट 2024, ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल, सतराव्या मिनिटाले त्याची स्टिक समोरच्याच्या तोंडाले लागली अन थेट रेड कार्ड. उरलेली सगळी मॅच दहा जणायनं काढली, 1-1 वर रोखली, शूटआउट 4-2 नं जिंकलं. मनप्रीत मिडफिल्डर माणूस, मागं येऊन डिफेन्सले उभा राह्यला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर खुर्चीवर बसू शकलो नाही, सगळी मॅच उभ्यानं पाह्यली.

पण खरा फटका पुढं बसला. रोहिदासवर एका मॅचची बंदी आली, हॉकी इंडियाचं अपील फेटाळलं गेलं, अन जर्मनीविरुद्ध सेमी फायनलले आपले 16 चे 15 झाले. त्याची जागा भरायची परवानगी नाही, बंदी म्हणजे बंदी. 3-2 नं हरलो. रोहिदास असता तर जिंकलोच असतो असं मी छातीठोक सांगत नाही पण पहिला रशर नसणं म्हणजे काय ते मले समजते.

म्हणून तुमच्या फॉरवर्डले नुसतं पळण्यावर घेऊ नका. तो कॉर्नरले इंजेक्शन देते का, म्हणजे गोललाइनवरून पहिला बॉल बाहेर ढकलते का? मागं येऊन टॅकल करते का? नसन करत तर तुमच्या पंधरामध्ये त्याचं काम करणारा आधीच कोणी असन.

मुरमाचं_ग्राउंड

मागं येत नाही भाऊ. बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभा राह्यते. सांगून सांगून थकलो.

संत्र्याचा_बगीचा_वरुड

तुमच्या दोन नंबरच्या किपरबद्दल वाचलं अन राहवलं नाही म्हणून लिहितो. मी पंचवीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या टीममध्ये सतरावा होतो. नाव वाचताना सोळापर्यंत वाचून कागद घडी केला अन सर निघून गेले, मी बॅग भरून आणली होती. एसटीनं घरी आलो तर मायनं विचारलं जेवला का, मी हो म्हटलं. कोणी एक शब्द बोललं असतं तरी मी दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेलो असतो. मी गेलो नाही, त्यानंतर स्टिक हातातच घेतली नाही.

टोकियोचं आठवा. सिमरनजीत सिंग 16 मध्ये नव्हता, राखीव होता. कोरोनामुळं त्या वेळी नियम सैल केला, राखीवमधल्यांनाही मॅचच्या 16 मध्ये घेता येऊ लागलं, अन ब्राँझच्या मॅचले जर्मनीविरुद्ध त्याच सिमरनजीतनं दोन गोल मारले. 1-3 नं मागं होतो, 5-4 नं जिंकलो, 41 वर्षांनी मेडल आलं. राजकुमार पाल पण तसाच, 2023 च्या वर्ल्ड कपले राखीव, हार्दिक सिंगचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला तेव्हा टीममध्ये आला, अन पुढच्या वर्षी पॅरिसच्या 16 मध्ये त्याचं नाव होतं.

अन तुम्ही अकोल्याले जाऊन राह्यले म्हणून हे पण सांगतो. विवेक सागर प्रसाद आपल्या इटारसीकडचा, नागपूरहून भोपाळच्या गाडीत बसलं की वाटेतलंच स्टेशन. त्याले ध्यानचंदांच्या पोरानं, अशोक कुमारांनी, अकोल्याच्याच एका स्पर्धेत हेरलं अन भोपाळच्या अकादमीत नेलं. टोकियो अन पॅरिस दोन्ही ब्राँझ त्याच्या गळ्यात आहेत. तेव्हा अकोल्याले कोण बघायले उभं असन सांगता येत नाही. पोट्ट्याले किट घालून मैदानात तरी उतरवा, एक क्वार्टर का होईना.

अमरावती_हाफलाइन

वरुडच्या भाऊंचं पटलं. मी वर ऑलिम्पिकचा हिशोब सांगितला पण तो तुम्हाला जसाच्या तसा लावू नका, तिथे हिरवा टर्फ आहे, सोबत डॉक्टर आहेत, किपर पूर्ण वेळ हाच धंदा करणारा आहे. मुरमावर बॉल कुठून उसळेल त्याचा नेम नसतो, किपरला मार लागायची शक्यता जास्तच. शिवाय मुलांच्या स्पर्धेत दिवसाला एक नाही, कधीकधी दोन मॅच पण लावतात. तुमच्या जागी मी असतो तर दुसरा किपर घेतला असता. आणि साखळीतल्या सोप्या मॅचला त्यालाच पहिल्यापासून उतरवा, पहिल्या किपरचे पाय पण ताजे राहतील. फक्त टीमच्या यादीत नावापुढे किपर असं लिहून द्या आणि जर्सीचा रंग वेगळा असू द्या, नाही तर ऐनवेळी पंचांशी वाद होतो.

बेंचवरचा_फुलबॅक

हाव, मीपण किपरच म्हणतो. अन ज्याले घ्याल नाही त्या फॉरवर्डले कारण तोंडावर सांगा, मागं येत नाही म्हणून. त्याले राग येईन, येऊ द्या. काय कमी आहे ते त्याले समजलं पाह्यजे.

मुरमाचं_ग्राउंड

सगळ्यायचे आभार. आज संध्याकाळी सांगितलं. फॉरवर्डले आधी बाजूले घेतलं, समजावलं, तो काही बोलला नाही, पण प्रॅक्टिस सोडून गेला नाही अन शेवटच्या दहा मिनिटात तीनदा मागं येऊन बॉल काढला. मग सगळ्यायसमोर सोळावं नाव वाचलं. किपरचा पोट्टा नेहमीसारखा बॉल गोळा करत होता, त्याले पह्यले ऐकूच नाही गेलं, बाकीच्यायनं ओरडून सांगितलं तेव्हा बॉलची थैली हातात घेऊन तसाच उभा राह्यला.

आता एकच अडचण आहे. पॅड एक जोडी दोघायले पुरतील, हेल्मेट पण चालन, पण पायातले किकर (बुटावर चढवायचं जाड कवच) याले दोन बोटं मोठे होतात, पळाला की फिरतात. अकोला, अमरावतीकडं कोणाकडं लहान मापाचे जुने किकर पडून असतील तर इथं लिहा, मी गाडी घेऊन येतो न्यायले. स्पर्धा झाली की परत आणून देईन.

संत्र्याचा_बगीचा_वरुड

माझ्या पुतण्याचे आहेत, तो आता कॉलेजले गेला. पट्टा एका बाजूचा तुटला आहे, मोच्याकडून शिवून ठेवतो. रविवारी या, जेवूनच जा.