मदत हवी आहे : 'चाळीस चोर' (दोन कॅटचा पेशन्स) काही केल्या सुटत नाही

पायमोडे

नमस्कार मंडळी. जिन्यावरून घसरून डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, अजून साडेतीन आठवडे तरी. मोबाइल बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा शेजारच्या काकांनी एक निळा कॅट आणून दिला. आमच्या घरातला लाल त्यात मिसळला आणि त्यांनी हा खेळ शिकवला. दोन दिवसांनी ते मुलीकडे बंगलोरला गेले. आता विचारायला कुणी नाही.

मला समजलेलं असं: १०४ पत्ते पिसायचे. १० रांगा, प्रत्येकीत ४, सगळे उघडे. हे झाले चाळीस चोर. उरलेल्या गड्डीतून एकेक पत्ता उलटायचा, लागला तर लावायचा, नाहीतर बाजूच्या ढिगावर. रांगेत उतरत्या क्रमाने आणि त्याच रंगाचं पान, म्हणजे बदाम नव्वी फक्त बदाम दश्शीवरच. एका वेळी एकच पत्ता हलवायचा. एक्के वर काढून त्यांच्यावर दुर्री, तिर्री करत राजापर्यंत आठ गठ्ठे पुरे करायचे. गड्डी एकदा संपली की संपली.

आजवर ४३ डाव झाले (वहीत लिहितोय, दुसरं काम काय). एकही सुटलेला नाही. जास्तीत जास्त ५८ पत्ते वर गेले. आणि का कोण जाणे, किलवरचं घोडं दर वेळी अडतं. काही युक्ती आहे, की हा खेळ सुटतच नाही?

चिंचगूळ

'नेपोलियन ॲट सेंट हेलेना' म्हणतात तो हाच. १८१५ ला त्याला त्या बेटावर नेऊन ठेवलं तेव्हा तो हे लावत बसायचा म्हणे. दंतकथा समजून सोडून द्या. सुटायला अवघड आहे हे मात्र खरं. कॉम्प्युटरवरच्या साध्या सॉलिटेअरच्या हिशेबाने खेळायला गेलात तर मार खाणार.

एक विचारते. रांग रिकामी झाली की काय ठेवता?

पायमोडे

राजा. राजा हाताशी नसेल तर जागा तशीच ठेवतो.

चिंचगूळ

अहो! ती अट साध्या सॉलिटेअरची. इथे रिकाम्या रांगेत कुठलाही पत्ता चालतो. उलट राजा ठेवलात तर ती जागा डाव संपेपर्यंत गेली, त्याला वर जायला सगळ्यात शेवटी मिळतं. राणीपासून खाली लांब उतरंड लागणार असेल तरच ठेवायचा.

पायमोडे

४३ डाव पाण्यात. काका आठवड्याने येतील, तेव्हा त्यांना विचारतोच.

अप्पा_खोपोली

मी हा खेळ वडिलांकडून शिकलो, अजून जेवणानंतर एक डाव असतो. थोडं सविस्तर लिहितो.

या डावात रिकामी रांग म्हणजे रोकड. एक रांग रिकामी असेल तर लागलेल्या उतरंडीतले दोन पत्ते एका रांगेवरून दुसरीवर नेता येतात, दोन असतील तर चार, तीन असतील तर आठ. नियम एकेकाचाच, पण एक पत्ता इथे टेकवायचा, दुसरा तिथे, मग पहिला दुसऱ्यावर, असं करत सरकवता येतं. हातात पत्ते घेऊन करून बघा, लिहून नीट कळत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच एखादी रांग हेरायची आणि तिच्या मागे लागायचं. सगळ्याच रांगा थोड्या थोड्या उपसत बसलात तर एकही मोकळी होत नाही.

दुसरं, लागतंय म्हणून लावू नका. तुमचंच उदाहरण घेतो. बदाम दश्शी उघडी आहे, बदाम नव्वी तिच्यावर बसते. पण दश्शीच्या खाली एक्का दबलेला असेल तर तुम्ही त्याच्यावर आणखी एक धोंडा ठेवला. नव्वी उचलल्यावर तिच्या खालून काय निघतं ते आधी बघा, पत्ते उघडेच आहेत की. शिवाय प्रत्येक पान दोनदा आहे. दोन नव्व्या, दोन दश्श्या. कुठली नव्वी कुठल्या दश्शीवर जाणार याचा विचार केला नाही तर दुसरी नव्वी उघड्यावर पडते.

गड्डीचंही तेच. उलटलेला पत्ता बसतोय म्हणून रांगेवर टाकायची घाई नको. कधी कधी ढिगावरचं वरचं पान रिकाम्या रांगेत ठेवलं की त्याच्या खालून हवं ते पान निघतं, आणि मग खालचीही पटापट सुटतात. मात्र ढिगात काय क्रमाने गेलं ते लक्षात ठेवा. आमच्याकडे ढीग किंचित पसरून ठेवतात, म्हणजे दिसत राहतो. कुणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही.

आणि मांडल्या मांडल्या एक्के-दुऱ्या कुठे आहेत ते बघायचं. चार-पाच एक्के रांगांच्या अगदी तळाशी असतील तर गोळा करून पुन्हा पिसायचं, वहीत नोंद करायची नाही.

सदाफुली

अप्पा, शेवटचं वाक्य भारी :)

पायमोडे, फारच वैताग आला असेल तर 'जोसेफिन' लावा. सगळं हेच, फक्त लागलेली उतरंड एकदम उचलता येते. किंवा 'लिमिटेड', त्यात १२ रांगा आणि प्रत्येकीत ३ पत्ते. तळाशी दबण्याचं प्रमाण कमी होतं.

पायमोडे

जोसेफिन नको, काका हसतील.

कालपासून अप्पांच्या पद्धतीने सहा डाव लावले. फरक आहे! एका डावात ८१ पत्ते वर गेले, तीन रांगा मोकळ्या होत्या. पण पुन्हा तेच. एक किलवर शेवटपर्यंत आला, दुसरा तिर्रीवर थांबला आणि बाकी सगळं त्याच्यामागे तुंबलं.

नुसताच_वाचक

पत्ते मोजलेत का?

पायमोडे

मोजायचं काय त्यात? ४० मांडतो, उरलेले हातात.

नुसताच_वाचक

उरलेले ६४ असायला हवेत. मोजा.

पायमोडे

६३.

रंगांप्रमाणे लावून बघितलं. लाल कॅटमधली किलवर चव्वी नाही. म्हणजे दुसरा किलवर तिर्रीच्या वर जाणं शक्यच नव्हतं आणि मी ४९ डाव लावले. या कॅटवर आमची मुलं झब्बू खेळतात. झब्बूत एक पत्ता कमी असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

चिंचगूळ

हसू आवरत नाहीये, माफ करा. जोकर आहे ना? त्यावर स्केचपेनने लिहा 'किलवर ४'.

अप्पा_खोपोली

मी एवढं लिहिलं आणि हे विचारायचं सुचलं नाही. नुसताच_वाचक यांना साष्टांग नमस्कार. पायमोडे, जोकरवर लिहाच, पण पाठीवर काही खूण करू नका. गड्डीत पालथा असताना ओळखू येईल.

पायमोडे

लिहिलं. पहिला डाव ८८ वर अडकला. या वेळी किलवरचा दोष नाही, इस्पिक राजा रिकाम्या रांगेत मीच ठेवला होता. जुनी सवय.

मला वाकता येत नाही म्हणून बायको सोफ्याखाली झाडू घालून चव्वी शोधते आहे. आतापर्यंत दोन पेनं, एक मोजा आणि रिमोटचं झाकण निघालं.

सदाफुली

दिवाणही बघायला सांगा.