'क्रॉसओव्हर व्होटर'ला 'फुटीर' म्हणावे का?

भाषांतरी
१९८४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरचा लेख मराठीत आणते आहे. डेट्रॉइटच्या उत्तरेची मॅकम्ब काउंटी, मोटार कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. १९६०मध्ये तिथे केनेडींना ६३ टक्के मते, १९८४मध्ये रिपब्लिकन रेगन यांना ६६ टक्के. रेगनकडे गेलेल्या या डेमोक्रॅटांना मूळ लेखात 'क्रॉसओव्हर व्होटर' म्हटले आहे. मी 'फुटीर मतदार' लिहिले. संपादकांनी ते खोडून 'पक्षांतर केलेले मतदार' केले. मला दोन्ही खटकतात. तुम्ही काय लिहाल?

अनुस्वार
'पक्षांतर' साफ चूक. त्याच दिवशी मिशिगनने रेगन यांना कौल दिला आणि सिनेटवर डेमोक्रॅट कार्ल लेव्हिन यांना परत पाठवले. म्हणजे अनेकांनी अध्यक्षपदाला एक आणि सिनेटला दुसरा पक्ष निवडला. शिवाय मिशिगनमध्ये मतदारनोंदणीत पक्ष लिहीतच नाहीत. ज्याची नोंदच नाही तो पक्ष बदलणार कसा? पेनसिल्व्हेनियात ती नोंद असते, तिथे 'पक्षांतर' एक वेळ चालेल, पण नोंदणी बदलली तरच.

वाटाड्या
आधी मूळ लेखातला अर्थ तपासा. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, 'क्रॉसओव्हर' म्हणजे एका पक्षाच्या माणसाने दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका मागून घेणे. २०१२मध्ये मिशिगनमध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणाऱ्या सँटोरम यांच्या प्रचारयंत्रणेने डेमोक्रॅट मतदारांना फोन करून प्रतिस्पर्धी रॉम्नींच्या विरोधात मत द्यायला सांगितले होते, ते या जातीचे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीतले मत वेगळे. दोन्हीला एकच मराठी शब्द दिलात तर वाचक गोंधळेल.

भाषांतरी
लेखात नोव्हेंबरचेच मतदान आहे.

पेठकर
मग नवा शब्द कशाला घडवता? 'क्रॉस व्होटिंग' आपल्याकडे रुळलेले आहे. २०१७ला पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग होता. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला एक मत. चारही मते एकाच पक्षाला गेली की 'पॅनल टू पॅनल' आणि अ एकाला, ब दुसऱ्याला गेले की 'क्रॉस व्होटिंग'. यात मतदारावर कसलाही ठपका नाही. मॅकम्बच्या कामगाराने नेमके हेच केले.

अनुस्वार
रुळले म्हणून शुद्ध होत नाही. 'पक्षोल्लंघी मतदान' म्हणा, अर्थ लगेच कळतो.

पेठकर
लगेच कुणाला कळतो? मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या एकाही प्रतिनिधीच्या तोंडी हा शब्द येणार नाही. भाषा तिथे घडते.

सभागृह
'फुटीर'चा प्रश्न आपल्या राष्ट्रपती निवडणुकीतही येतो, आणि तिथे तो जास्त गंभीर आहे. दर वेळी बातमी येते: 'अमक्या पक्षाची मते फुटली.' पण या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे दाखवायला मनाई आहे. जो आदेशच काढता येत नाही, तो मोडला म्हणून 'फुटीर' ठरवणे हा त्या आमदारावर अन्याय आहे.

पेठकर
गुप्त असते, मग मते फुटली हे कळते कसे?

सभागृह
वजाबाकीने. खासदारांची मते वेगळी मोजतात, आमदारांची राज्यवार. २०२२मध्ये केरळात मुर्मूंच्या आघाडीचा एकही आमदार नव्हता. विरोधी उमेदवार यशवंत सिन्हांना १३९ मते मिळाली, मुर्मूंना १. त्या एकाने बाजू ओलांडली एवढे पक्के, पण तो कोण हे मतपत्रिकेवरून कधीच ठरणार नाही. मोठ्या राज्यांत अपक्ष आणि बाद मतांमुळे हा हिशेबही अंदाजाचाच राहतो.

मोडीवाचक
'फुटीर' आणि 'फितूर' एकाच मुळातले, म्हणून त्यात दगाबाजीचा वास येतो.

अनुस्वार
मुळीच नाही. 'फुटणे' संस्कृत स्फुट्-वरून आले. 'फितूर' अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. उच्चार जवळचे, कूळ वेगळे.

मोडीवाचक
कूळ वेगळे असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकत्रच वाजतात. अर्थ कानात ठरतो, कोशात नव्हे. आणि 'व्हिप'ला आपण 'प्रतोद' म्हणतो तोही दुहेरी घोटाळा. प्रतोद म्हणजे चाबूक, पराणी. विधिमंडळात मात्र तो माणूस झाला. माणूस प्रतोद, आदेश पक्षादेश, ही वाटणी तरी पाळा.

वाटाड्या
सभागृह, १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीचे काय? इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हटले आणि स्वपक्षाचेच अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले. त्यांना 'विवेकमते' म्हणायचे की 'फुटीर मते'?

सभागृह
'विवेकमत'ही नको, त्यात मत देणाऱ्याची आधीच स्तुती झाली. १९६९चा निकाल नुसत्या फुटीने सांगताही येत नाही. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक मताला ठरलेले वजन, म्हणजे मतमूल्य असते. पहिल्या पसंतीत इंदिराजींचा कल असलेल्या व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. निवडून यायला लागणारा कोटा होता ४,१८,१६९. देशमुखांची दुसऱ्या पसंतीची मते बहुतांशी रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७वर पोचून निवडून आले. रेड्डी ४,०५,४२७वर थांबले.

पेठकर
आणि २००७? शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, शेखावतांना भाजपचा पाठिंबा होता, तरी सेनेने प्रतिभाताई पाटलांना मत दिले. त्याला कुणी क्रॉस व्होटिंग म्हटले नाही.

सभागृह
कारण पक्षानेच उघड निर्णय घेतला होता. ती आघाडीची फूट, आमदाराची नव्हे.

भाषांतरी
मग माझ्या कामगारांना 'पक्षरेषा ओलांडणारे मतदार'?

अनुस्वार
'पक्षरेषा' इंग्रजीची उसनवारी. नुसते 'पक्षाबाहेर मत देणारे' लिहा.

मोडीवाचक
सभागृह, ही पसंती अक्षरी लिहिली तर चालते का? 'एक', 'दोन' असे?

सभागृह
नाही, बाद होते. आकडाच हवा. मराठी १ चालतो, रोमन चालतो. '१' कुठेच नसेल किंवा दोन नावांपुढे असेल तर मतपत्रिका बाद. २०१७पासून आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच लिहायचे. आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी.

पेठकर
महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५ ना?

सभागृह
हो. १९७१ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ भागिले २८८, भागिले १०००. गोव्याचे याच सूत्राने २०.