मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, 29 नोव्हेंबर 2025: राष्ट्रीय विजेतेपद मिळालं म्हणून गेल्या वर्षीचा पराभव विसरायचा?

कोलंबसकर

शनिवारी ॲन आर्बरला, मिशिगनच्या मैदानात, आमचा म्हणजे ओहायो स्टेटचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला दर वर्षीचा सामना. ओहायो स्टेट 11-0 (अकरा विजय, शून्य पराभव), देशात पहिल्या क्रमांकावर. मिशिगन 9-2. कागदावर वादाला जागा नाही, पण गेल्या वर्षीही नव्हती. तेव्हा मिशिगन 6-5 होतं, विल जॉन्सन आणि लव्हलंड हे त्यांचे मोहरे खेळत नव्हते, आणि तरी आमच्याच मैदानात 13-10 ने जिंकले. त्यांच्या झ्वाडाने शेवटच्या मिनिटात फील्ड गोल (लाथेने मारून मिळणारे तीन गुण) मारला तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. एक लाख माणसं एकदम गप्प झाली. बाहेर पडताना जिन्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्यानंतर बारा संघांच्या प्लेऑफमध्ये आम्ही चार सामने जिंकलो आणि 20 जानेवारीला नोत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेते झालो. तेव्हापासून ऑफिसात, मराठी मंडळींच्या जेवणात, सगळीकडे एकच ऐकतोय: विजेतेपद आलं ना, मग आता कसलं दुःख? मला हे मुळीच पटत नाही. 2019 मध्ये आम्ही 56-27 जिंकलो. 2020 चा सामना कोविडमुळे झाला नाही, आणि नंतर ओळीने चार पराभव. माझी मुलगी यंदा पहिलीत आहे. तिच्या समजत्या वयात आम्ही मिशिगनला एकदाही हरवलेलं नाही. विजेतेपद ही एक मिळकत, हा सामना दुसरी. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

आता खेळाबद्दल. गेल्या वर्षी जेरमाया स्मिथ आणि एग्बुकासारखे रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) असताना आम्ही चेंडू हातात घेऊन मधूनच रेटत राहिलो, जिथे मिशिगनच्या बचावातले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते. 26 वेळा पळालो, यार्ड मिळाले 77. तो हट्ट होता. त्यांच्यापेक्षा दांडगे आहोत हे दाखवण्याच्या नादात आपलं हुकमी पान हातातच राहिलं. यंदा आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) सायिन याने पहिल्याच ताब्यापासून स्मिथ आणि टेट या रिसीव्हरांकडे फेकावं, बचाव मागे हटू द्यावा, आणि मग पळावं. माझा अंदाज: ओहायो स्टेट 24-13.

मका_आणि_निळा

मी ॲन आर्बरहून लिहितेय. कोलंबसकर, तुम्ही दर वर्षी "आम्ही कसे हरलो" तेवढंच सांगता. आम्ही कसे जिंकलो तेही बघा. 2021 ला 42-27: हसन हॅस्किन्सने पळत पाच टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले. 2022 ला तुमच्या घरी 45-23: डोनोव्हन एडवर्ड्स एकट्याने 216 यार्ड पळाला. 2023 ला 30-24. गेल्या वर्षी आमचं फेकणं जेमतेम 62 यार्डांचं, पण पळण्यातून 172. चार वर्षांत खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, एक गोष्ट कायम राहिली. आमची पुढची फळी चौथ्या क्वार्टरमध्ये तुमच्यापेक्षा ताजी असते. योजना बदलून ते सुटत नाही.

आमचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड बेलव्हिलचा, म्हणजे इथून अर्ध्या तासावरचा मुलगा. चेंडू घेऊन पळणारा जॉर्डन मार्शल तर तुमच्याच ओहायोतला, सिनसिनाटीचा, आणि तो आमच्याकडे आला. या मुलांना हा सामना समजावून सांगावा लागत नाही. शिवाय बिग हाउसमध्ये, म्हणजे आमच्या स्टेडियममध्ये, एक लाख सात हजार लोक असणार. मिशिगन 20-17.

आकडे_बघा

ताई, मार्शलचा खांदा दुखावलाय आणि तो मेरीलँडविरुद्ध खेळला नाही. तुमचा दुसरा पळणारा जस्टिस हेन्स पायाच्या दुखापतीने बाहेर आहे. ज्या पळण्याच्या जोरावर तुम्ही चार वर्षं जिंकलात ते पळणार कोण?

ओहायो स्टेटच्या बचावाने यंदा सामन्यामागे दहाहून कमी गुण दिलेत. पहिल्याच सामन्यात टेक्सासला 7 वर रोखलं. कॅलेब डाउन्स, सनी स्टाइल्स, आर्व्हेल रीस हे तिघे एकाच बचावात असणं पुन्हा लवकर बघायला मिळणार नाही. अंडरवुड गुणी आहे, पण अजून कोवळा आहे. ओक्लाहोमाविरुद्ध मिशिगनचे 13 गुण, यूएससीविरुद्धही 13. चांगल्या बचावापुढे त्यांची धाव तेवढीच. नॉर्थवेस्टर्नला तर 24-22 असं कसंबसं हरवलं.

माझा अंदाज 31-10, आणि कोलंबसकरांशी माझं भांडण वेगळंच आहे. या सामन्यात एवढा जीव गुंतवू नका. पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला या दोघांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे बिग टेन या विद्यापीठांच्या गटाची, फायनल आहे, इंडियानाही 11-0 आहे. टेट आणि स्मिथ रटगर्सविरुद्ध खेळले नव्हते. ते शंभर टक्के बरे नसतील तर त्यांना ॲन आर्बरला पणाला लावणं मला चूक वाटतं. डिसेंबर-जानेवारी महत्त्वाचा.

जुना_डेट्रॉइटकर

"आकडे" जे म्हणतायत तेच माझं दुखणं आहे, फक्त मी ते आनंदाने म्हणू शकत नाही.

1973 ला दोन्ही संघ अपराजित होते आणि सामना 10-10 असा बरोबरीत सुटला. रोझ बोलला (हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला) कोण जाणार यावर कॉन्फरन्सच्या ॲथलेटिक डायरेक्टरांचं मतदान झालं आणि ओहायो स्टेटला पाठवलं. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं, कारण तेव्हा बिग टेनमधून एकाच संघाला बोल खेळता यायचा. अन्याय होता, पण सामन्याला वजन होतं. 2006 ला पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा, दोन्ही 11-0. मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेमबेकलर आदल्या दिवशी वारले होते. ओहायो स्टेट 42-39 जिंकलं. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही, कारण त्या तीन गुणांत सगळा हंगाम गेला होता.

आता हरणारा संघ दीड-दोन महिन्यांनी विजेता होतो. गेल्या वर्षी झालंच. मग शनिवारी पणाला काय लागलंय? माझ्या मते बारा संघांच्या प्लेऑफने या सामन्याचा कणा काढून घेतला. तो दिसतो तसाच, वाजतो तसाच, पण भार पेलत नाही.

कोलंबसकर

काका, पणाला काय लागलंय हे आमचे जुने प्रशिक्षक जॉन कूपर यांच्या कारकिर्दीत बघा. ओहायो स्टेटसाठी 111 विजय, पण मिशिगनविरुद्ध 2-10-1 (दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी). 2000 च्या हंगामानंतर त्यांना काढलं. एवढे विजय असूनही नोकरी गेली, त्यात या एका सामन्याचा वाटा किती होता हे कोलंबसमध्ये कुणालाही विचारा. त्यांच्या जागी ट्रेसल आले आणि बास्केटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेऊन म्हणाले, 310 दिवसांनी ॲन आर्बरला तुम्हाला या मुलांचा अभिमान वाटेल. विजेतेपदाचं नावही काढलं नाही. आणि 2001 ला ॲन आर्बरला 26-20 जिंकून दाखवलं.

इथे या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल फुली मारतात. मिशिगनला हरवलं की खेळाडूला सोन्याची छोटी पँट (लॉकेटएवढी) मिळते, 1934 पासूनची रीत. गेल्या वर्षीच्या कितीतरी मुलांकडे राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी आहे आणि ती पँट नाही. त्यातल्या कुणालाही ही उणीव जाणवत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आणि आकडेभाऊ, स्मिथला इथे बसवून इंडियानासाठी राखायचं? असा निर्णय घेऊन आमचे प्रशिक्षक रायन डे कोलंबसला परत कोणत्या तोंडाने येतील? मिशिगनविरुद्ध त्यांचे 1-4 आहेत.

पुण्याहून_रात्री

ॲन आर्बरला एमएस केलं, आता परत आलोय. इथे शनिवारी रात्री साडेदहाला सुरू होईल, मी जागा असेन.

कोलंबसकरांच्या योजनेत हवामान कुठेच नाही. ॲन आर्बरचा नोव्हेंबरअखेर मी अंगावर काढलाय. 1950 ला कोलंबसला हिमवादळात खेळले तेव्हा मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं) मिळाला नाही आणि तरी ते 9-3 जिंकले. दोघांनी मिळून 45 पंट मारले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला दिला. शनिवारी तसं होणार नाही, पण बर्फ पडला तर पहिल्या ताब्यापासून फेकाफेकी म्हणजे चेंडू त्यांच्या हातात देणं. आता ग्रॅहम आणि ग्रँट नाहीत. मग यंदाच मधून पळायला हवं, गेल्या वर्षी नको होतं.

कोलंबसकर

ग्रॅहम-ग्रँटचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्याकडून निसटला. पण ओल्या मैदानावर घसरतो तो बचाव करणारा. कुठे वळायचं हे रिसीव्हरला आधीच माहीत असतं, समोरच्याला नसतं. स्मिथ धडधाकट असेल तर बर्फातही त्याच्याकडे फेकावंच, फक्त लांब नको.

मका_आणि_निळा

स्मिथ खेळणार, तुम्ही काळजी करू नका. तो पूर्ण बरा असावा अशी माझीही इच्छा आहे. तो नसताना जिंकलो तर वर्षभर तेच ऐकावं लागेल. माझे 20-17 कायम. आणि सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला कुणीच जाऊ नये. गेल्या वर्षी त्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. आमची मुलं जिंकली होती, तरी मला ते बघवलं नाही.

कोलंबसकर

झेंड्याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. मी 24-13 वरून 20-13 वर येतो, बर्फ धरून.