मदत हवी आहे : डायक्लोरोमिथेनसाठी हातमोजे कोणते वापरावेत?

आमच्या विभागात धातूच्या लहान सुट्या भागांवरचा जुना रंग काढण्यासाठी डायक्लोरोमिथेन वापरले जाते आणि त्यानंतर तेच भाग लगेच पाण्याने धुवावे लागतात. पातळ नायट्राइल (एक कृत्रिम रबर) हातमोज्यांतून हे द्रावक काही मिनिटांतच आरपार जाते. मोजा वरून धड दिसत असतो, पण बोटांच्या टोकांशी आधी गारवा आणि मग जळजळ जाणवू लागते. दोन जोड्या एकावर एक घालून पाहिल्या, फारसा फरक पडला नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे मोजे या द्रावकापुढे चांगले टिकतात, मात्र पाणी लागताच खराब होतात, म्हणजे आमच्या कामाच्या दुसऱ्या टप्प्यात निरुपयोगी. बहुस्तरीय प्लास्टिक पटलाचे मोजे दोन्हींना दाद देत नाहीत, परंतु ते इतके सैल बसतात की बोटभर लांबीचा स्क्रू चिमटीत धरवत नाही.

श्वसनाचा प्रश्न येथे नाही : हे द्रावक सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळत असल्याने वाफ भरपूर होते आणि मुखवट्याला लावायचे साधे कार्बन कार्ट्रिज (वाफ शोषणारी गाळणी) लवकर निकामी होते, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आम्ही वापरतोच. द्रावक बदलण्याचा प्रस्ताव दिला आहे, पण निर्णयाला काही महिने लागतील.

तोपर्यंत पटलाच्या मोज्यांवर घट्ट नायट्राइल मोजा चढवून कोणी बारीक काम केले आहे का, आणि आतला मोजा बदलण्याची वेळ आपण नेमकी कशावरून ठरवता?