खत नका वाढवू, संध्याकाळी फुलं बघा
दुधीची वेल महिनाभर फुलतेय आणि एकही दुधी धरत नाही, खत कमी पडतंय का, असं वर विचारलंय. खत नका हो वाढवू! मी तोच उद्योग केला होता. शेणखत, वर युरियाची चिमूट. वेल ग्रिलभर माजली, पानं ताटाएवढी, दुधी शून्य. सासूबाई रोज विचारायच्या, "भाजी कधी?"

दुधीला आधी नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा लवदार दुधी असतो. तोही पिवळा पडून गळत असेल, तर बहुतेक परागीभवन होत नाहीये. नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत नेणारा पतंग, म्हणजे रात्रीचा किडा, आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठला येणार? आणि मी वेडी रोज सकाळी पराग लावायला ब्रश घेऊन उभी! लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुधीचं संध्याकाळी, हे कळेपर्यंत माझा एक हंगाम गेला. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं.

कुंडी केवढी आहे तेही लिहा. माझी १२ इंची होती, दोन दुधींतच वेलीने मान टाकली.