चर्चा: उपासाचा तक्ता दारावर लावावा का?

नगरकर (धागाकर्ता)
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) भस्म बुधवारापासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत साखळी उपास चालतो. रविवार वगळून चाळीस तारखा, प्रत्येक तारखेपुढे एका कुटुंबाचे नाव, आणि हा तक्ता प्रार्थनामंदिराच्या दाराशी चिकटवलेला. आता तो व्हॉट्सॲपच्या गटावरही येतो. ज्याचा दिवस असेल त्याने संध्याकाळी ‘उपास पार पडला’ असे लिहायचे आणि खाली ‘आमेन’ची रांग लागायची. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ६:१६-१८) प्रभू येशूने उपास गृहीतच धरला आहे. अट एवढीच की तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे आणि ही गोष्ट पित्याखेरीज कोणाला दिसू नये. गेल्या वर्षी माझ्या तारखेला दुपारी चार वाजता मी बशीभर पोहे खाल्ले आणि सात वाजता गटावर ‘पार पडला’ असे लिहिले. खोटे मीच बोललो, हे मान्य. पण तक्ता नसता तर तसे लिहिण्याची वेळच आली नसती. तक्ता काढून टाकावा, असे माझे मत आहे.

वसईकर
मी कॅथलिक आहे, त्यामुळे साखळी उपासाचा मला अनुभव नाही. पण उपास ही केवळ खासगी बाब आहे, हे मला पटत नाही. योएल संदेष्टा तर कर्णा वाजवून उपासाचा दिवस नेमायला सांगतो आणि म्हाताऱ्यांपासून अंगावरच्या लेकरांपर्यंत सर्वांना गोळा करायला लावतो. अंत्युखियाच्या मंडळीतही (प्रेषितांची कृत्ये १३) बर्णबा व शौल यांना हात ठेवून रवाना केले ते सर्वांनी मिळून उपास व प्रार्थना केल्यावर. आमच्याकडे १९८३च्या कॅनन लॉनुसार (कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार) बंधनकारक उपास वर्षातून दोनच दिवस असतो, भस्म बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), आणि तोही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. दिवसातून एकदा पोटभर जेवण चालते. नियम इतका साधा आणि सर्वांना सारखा आहे की त्यात कोणाचा पराक्रम दिसत नाही. शेजारच्या बाकावरचाही आज अर्धपोटीच आला आहे म्हटल्यावर मिरवायचे कोणापुढे? तुमच्या तक्त्यात दोष असेल तर तो एकेका घराचे नाव वेगळे काढण्यात आहे, एकत्र उपास करण्यात नाही.

साधा विश्वासी
वसईकर, नियम सर्वांना सारखा असला म्हणून तो शास्त्रातला ठरत नाही. १५२२ साली झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी उपवासकाळातच सॉसेज वाटण्यात आले. तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्ले नाही, पण पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांचीच बाजू घेतली. देवाने न घातलेले बंधन मंडळीने माणसाच्या विवेकावर लादावे का, हा त्या वादाचा गाभा होता. नियमाचे पुढे काय होते, हेही दिसतेच: शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून ताटात पापलेटचे कालवण आणि जोडीला तळलेली कोळंबी. एकादशी आणि दुप्पट खाशी!

वसईकर
टोला योग्य ठिकाणी बसला. आमच्या घरी शुक्रवारी मासळीचा खर्च मटणापेक्षा जास्त होतो, हे मी नाकारत नाही. मात्र ज्याला उपास करायचा आहे त्याने खुशाल करावा, असेही झ्विंग्ली यांनी त्याच प्रवचनात म्हटले होते, हे विसरू नये.

निवृत्त परिचारिका
तुम्ही सर्व खाणाऱ्या-न खाणाऱ्यांबद्दल बोलत आहात, म्हणून लिहिते. मी दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते आणि मला उपास करण्यास मनाई आहे. आमच्या मंडळीच्या तक्त्यात माझे नाव नसते, आणि ते नसणेही सर्वांना दिसते. दोघींनी दाराशी थांबवून ‘यंदाही नाही का?’ असे विचारले, तेव्हा चपला घालता घालता मला माझ्या आजाराची हकिकत सांगावी लागली.

माझ्या सासूबाई शुक्रवारी दोन भाकऱ्या कमी थापत. तेवढे ज्वारीचे पीठ त्या डालडाच्या जुन्या डब्यात काढून ठेवत आणि महिनाअखेरीस डबा गल्लीतल्या एका विधवेच्या घरी जाई. त्या उपाशी होत्या, हे आम्हाला त्या डब्यावरूनच कळायचे. दुसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती ग्रंथातही हीच रीत सांगितली आहे, हे मला फार उशिरा समजले: उपासाच्या दिवशी वाचलेल्या अन्नाची किंमत मोजावी आणि ती विधवेला, पोरक्याला द्यावी. यशया ५८ मध्ये भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्यालाच देव उपास म्हणतो. इन्सुलिन घेऊनही हा उपास मला करता येतो. त्याला तक्त्यात रकाना नाही, एवढेच.

वसईकर
बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. नगरकर, तुम्हाला मात्र एक विचारतो. तक्त्यावर नाव नसते, तर त्या दिवशी तुम्ही चार वाजेपर्यंत तरी उपाशी राहिला असतात का?

नगरकर (धागाकर्ता)
नाही. सकाळी आठलाच नाश्ता झाला असता. तरीही तक्ता काढावा, असेच माझे म्हणणे आहे. फक्त तो काढल्यावर मी उपास करीनच, असे मी इथे लिहून देणार नाही.